डिचोलीतील नवे घर आणि उजाड झालेली जागा: पक्षी, फुलपाखरे, बेडूक परत यावेत यासाठी काय करावे?

नवे घर, डिचोली (19 मे)

नमस्कार. डिचोली तालुक्यात आमचे घर नुकतेच बांधून पूर्ण झाले असून मिरगाच्या आधी तिथे राहायला जाण्याचा विचार आहे. जागा सुमारे 600 चौरस मीटर असून घर आणि अंगण वगळता निम्म्याहून थोडी अधिक मोकळी आहे. बांधकामाच्या सुरुवातीला कंत्राटदाराने जेसीबी लावून जागा ‘साफ’ केली, तेव्हा आम्ही पणजीला राहत होतो. पाहायला आलो तोवर करवंदाची जाळी, दिंड्याची झुडपे आणि वरची काळी माती असे सारे एका कोपऱ्यात ढिगाने पडलेले होते आणि बाकी सगळीकडे उघडा तांबडा जांभा दिसत होता. आता उरले आहे ते एवढेच: मागच्या बाजूला एक जुना काजू, नाल्याच्या काठाला, घरापासून बऱ्याच अंतरावर, एक उंबर आणि वीज पडून शेंडा गेलेला एक माड. याशिवाय बांधकामाला पाणी साठवण्यासाठी केलेली, कमरेएवढ्या उंचीची चिऱ्यांची एक टाकीही तशीच आहे.

त्याच कंत्राटदाराने आता बागेचे अंदाजपत्रक दिले आहे. त्यात पुढे मेक्सिकन गवताचा गालिचा, कडेने शोभेचे पाम, चारी बाजूंनी पाच फुटांची बंद भिंत आणि ‘कचरा करतो म्हणून’ उंबर काढण्याचा खर्च धरला आहे. मला मात्र पक्षी, फुलपाखरे, बेडूक, चानी (खारी) यांना राहावेसे वाटेल अशी जागा हवी आहे. अडचण अशी की आई 72 वर्षांची आहे, ती माझ्याबरोबरच राहणार आहे, आणि झाडी म्हणजे साप आणि पाणी म्हणजे डास हे तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. सुरुवात कुठून करावी, काय लावावे आणि काय टाळावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

कुळागरवाला, सत्तरी (20 मे)

सर्वांत आधी उंबर वाचवा, बाकीचे पुढे पाहू. उंबर वर्षातून अनेकदा फळतो आणि रानात दुसरे काही पिकलेले नसते अशा दिवसांतही त्याच्या खोडाला फळे लगडलेली असतात. म्हणून तांबट, कुटुर्गा, कोकीळ, हरियाल आणि रात्री वटवाघळे अशी रांग एकाच झाडावर लागते, आणि नशीब असेल तर धनेशही येतो. असे झाड विकत आणून वाढवायचे म्हटले तर तुमच्या आयुष्यातील पंधरा-वीस वर्षे त्यात जातील. घरापासून आणि सेप्टिक टँकपासून ते लांब असेल, तर मुळांची भीती बाळगण्याचे कारण नाही. शिवाय 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार गोव्यात खाजगी जागेतील झाड तोडण्यासाठीही वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, हे कंत्राटदाराने अंदाजपत्रकात लिहिलेले दिसत नाही.

दुसरे म्हणजे कोपऱ्यातला तो मातीचा ढीग. तुम्हाला तो राडारोडा वाटत असेल, परंतु तुमच्या जागेची खरी ठेव तीच आहे. करवंद, दिंडा, कुडा यांची मुळे आणि कित्येक वर्षांचे बी त्या मातीत आहे. पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वी त्यातील सिमेंटचे तुकडे आणि प्लास्टिक वेचून काढा आणि ती माती कडेच्या पट्ट्यावर हातभर जाडीने पसरा. मग यंदाच्या पावसाळ्यात फार काही लावू नका. काय उगवते ते पाहत राहा. माझा हा सल्ला बहुतेकांना आवडत नाही, कारण नव्या घराला लगेच हिरवेगार दिसायचे असते. पण मी स्वतः उलट वागून हात पोळून घेतले आहेत. घराशेजारच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) मी एका पावसात चाळीस रोपे लावली, जांभ्यात जेमतेम फूटभर खड्डे मारून. पुढच्या मे महिन्यात त्यांतील सात जिवंत होती. मेलेले एक रोप उपटून पाहिले, तर मुळे कुंडीत फिरावीत तशी खड्ड्याच्या भिंतीला लागून गोल फिरलेली होती. जांभा सच्छिद्र असला तरी कोवळ्या मुळाला तो फोडता येत नाही. खड्डा तीन फुटांचा हवा, आणि तो पालापाचोळा, शेणखत व माती यांनी आधीच भरून मुरू द्यायला हवा.

उगवणाऱ्यांत रानमोडी सर्वांत पुढे असेल. ती जुलै-ऑगस्टमध्ये माती ओली असताना मुळासकट सहज उपटून येते. पावसाळा सरून फुलावर आल्यावर तिचे बी वाऱ्यावर पसरते आणि मग पुढच्या वर्षी दहापट काम होते. घाणेरीचेही तसेच. टाकळा, तेरडा, पेव, रानहळद उगवली तर मात्र हात लावू नका.

आता पाण्याविषयी. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. म्हणजे 100 चौरस मीटरच्या छपरावरून सुमारे तीन लाख लिटर पाणी खाली येते. ते पाइपने नाल्यात सोडण्याऐवजी उताराला आडवा चर खणून, त्याच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घालून जिरवले, तर त्या बांधावर लावलेल्या झाडांना मार्चपर्यंत ओल पुरते. रोपांच्या बुंध्याशी नारळाची सोडणे उलटी घालून ठेवा; ती पाणी धरतात आणि त्यांच्या खाली गोम, वाळा (गांडुळासारखा दिसणारा बिनविषारी साप), बेडकाची पिल्ले राहतात.

बंद भिंतीऐवजी मी वई, म्हणजे झुडपांचे जिवंत कुंपण, सुचवीन. पुढच्या बाजूला हवी तर कमी उंचीची चिऱ्यांची भिंत घाला, पण बाजूंना आणि मागे करवंद, पिटकोळी, अडुळसा, मेंदी अशी मिश्र वई राहू द्या. भिंत घालायचीच झाली तर तळाशी दर काही अंतरावर वीतभर भोके ठेवा. पावसाचे पाणीही त्यातून जाईल आणि मुंगूस, बेडूकही. शोभेच्या पामबद्दल काय लिहावे? ज्या मातीत भेरलीमाड आपसूक वाढतो, त्याच्या फुलोऱ्यावर मधमाशा आणि फळांवर उदमांजर येते, तिथे नर्सरीतून परदेशी पाम आणणे म्हणजे घरी भिरंडे (कोकमे) वाळत असताना बाजारातून चिंच आणण्यासारखे आहे.

पाकोळी, फोंडा (20 मे)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फुलपाखरांपुरती भर घालते. बहुतेक नवे बागकर्ते फुले लावतात आणि फुलपाखरे येऊन निघून जातात अशी तक्रार करतात. मध पिण्यासाठी फुलपाखरू कोणत्याही सोयीच्या फुलावर बसते, पण अंडी मात्र ठरलेल्या झाडांवरच घालते, कारण त्याच्या सुरवंटाला दुसरे पान चालत नाही. म्हणून आधी पानांचा विचार करावा आणि नंतर फुलांचा.

नव्या घरात सर्वांत सोपी सुरुवात कढीपत्त्यापासून होते. त्यावर कॉमन मॉर्मन अंडी घालते, आणि लिंबू किंवा तोरिंजन असेल तर ब्लू मॉर्मनही येते. पानावर पक्ष्याची शीट पडली आहे असे वाटून मी पहिल्यांदा ती नखाने खरवडायला गेले आणि ती शीट हलली. लहानपणी सुरवंट मुद्दामच तसा दिसतो. मोठा झाल्यावर तो हिरवागार होतो, आणि त्याला बोट लावले की डोक्यामागून तांबूस रंगाची दोन शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडतो. या काळात निम्मा कढीपत्ता खाल्ला जाईल. आपण फोडणीसाठी एक झाड ठेवावे आणि त्यांच्यासाठी दुसरे लावावे, एवढीच तडजोड करावी लागते.

जागा असेल तर त्याच बाजूला ईश्वरीचा वेल चढवावा. क्रिमसन रोझ, कॉमन रोझ आणि आपल्या पश्चिम घाटातील भलेथोरले सदर्न बर्डविंग यांचे सुरवंट याच कुळातील वेलींवर वाढतात. या वेलीतील विष सुरवंटाच्या अंगात साठत असल्याने रोझ जातीची फुलपाखरे पक्ष्यांना नकोशी होतात, आणि कॉमन मॉर्मनच्या काही माद्या हुबेहूब त्यांचाच लाल ठिपक्यांचा वेष घेऊन फिरतात. ईश्वरी आणि कढीपत्ता दहा पावलांच्या अंतरावर असतील, तर अस्सल आणि नक्कल एकाच सकाळी आपल्याच अंगणात पाहता येतात. अस्सलचे अंग लाल असते आणि नकलेचे काळे, ही ओळखण्याची खूण.

बाकी थोडक्यात: बहाव्यावर आणि टाकळ्यावर पिवळी फुलपाखरे वाढतात, रुईवर प्लेन टायगर, सोनचाफ्यावर टेल्ड जे, आणि तुमच्या काजूवर बॅरन आधीच असण्याची शक्यता आहे, त्याचा हिरवा, काटेरी झालर असलेला सुरवंट पानाच्या मधल्या शिरेवर असा पसरून बसतो की नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. काजूवर किंवा पुढे आंब्यावर बांडगूळ आले तर ते मुळापासून नाहीसे करू नका, थोडे राखा. त्यावर कॉमन जेझबेल वाढते आणि त्याच्या फळांसाठी फुलटोच्या येतो. मधासाठी पिटकोळी, तुळस आणि धायटी एवढी पुरे आहेत. तुळस मंजिऱ्या खुडल्याशिवाय वाढू द्यावी. आईंना ते पटवणे जड जाईल, पण वृंदावनातली वेगळी आणि मागची वेगळी असे करता येते.

एक इशारा. रोपे आणल्याबरोबर त्यांवर फुलपाखरांची वाट पाहू नये. रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून मी आणलेल्या लिंबाच्या कलमावर आठवडाभरात अंडी दिसली आणि सुरवंट बाहेर येताच मेले, कारण पानांत कीटकनाशक मुरलेले होते. तेव्हापासून मी वन खात्याच्या रोपवाटिकेतून किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतून रोपे आणते, आणि घरी आणल्यावर नवी पालवी येईपर्यंत ती वेगळी ठेवते.

निवृत्त परिचारिका, वाळपई (21 मे)

वरील दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, परंतु दोघांनीही आईंच्या शंकेला उत्तर दिलेले नाही. ती शंका बाळबोध नाही. माझ्या नोकरीत सर्पदंशाचे रुग्ण दर पावसाळ्यात पाहिले आहेत आणि त्यांतील कित्येकांचा पाय घराच्या पायरीवर किंवा परसातल्या लाकडांच्या ढिगाजवळ पडला होता.

म्हणून जागेचे दोन भाग करा. घराच्या भोवतीचे आठ-दहा फूट स्वच्छ ठेवा: सारवलेले किंवा चिऱ्यांनी बांधलेले अंगण, त्यात पालापाचोळा नाही, चिऱ्यांचा ढीग नाही, भिंतीवर चढलेला वेल नाही. पालापाचोळा, सोडणे, लाकडे हे सारे त्यापलीकडे असावे. घराच्या पायाभोवतीच्या मातीत वाळवीसाठी बहुधा औषधही मारलेले असेल, त्यामुळे त्या पट्ट्यात पाण्याची जागा आणि खाण्याची झाडे नकोतच. साप उंदरामागे येतो. कोंबड्यांचे खाद्य, तांदूळ, काजूच्या बिया उघड्यावर ठेवू नका, आणि उंदरांसाठी विष तर अजिबात घालू नका; विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला की फुकट राखण करणारे घुबडही जाते. बंद भिंतीने साप थांबतो हाही गैरसमज आहे. तो फाटकाखालून आत येतो आणि मग भिंतीमुळे त्याला बाहेर जायची वाट सापडत नाही.

रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि पायांत पूर्ण चप्पल-बूट, झोपताना मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली, एवढे नियम आईंनाही पाळायला सांगा, कारण मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश कित्येकदा झोपेत कळतही नाही. सड्याच्या भागात फुरसे असते, ते दगडाखाली बसते, म्हणून चिरे उचलताना आधी कांबीने हलवावेत. पावसाळ्यात वई छाटताना झुडपावर काठी फिरवून मग हात घालावा. हिरवा चापडा पानांत मिसळून बसलेला असतो, आणि आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनवलेली असल्याने चापड्यावर ती लागू पडत नाही. दंश झालाच तर चिरू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये. अवयव स्थिर ठेवून 108 ला फोन करावा आणि थेट रुग्णालय गाठावे.

डासांविषयी आईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. डेंग्यूचा डास कुंडीखालची बशी, टायर, करवंटी, फ्रिजमागचा ट्रे अशा लहान साठ्यांत वाढतो. अंड्यापासून डास होईपर्यंत आठवडाभर किंवा थोडे अधिक दिवस लागतात. पक्ष्यांसाठी पाण्याचे पसरट भांडे ठेवाल ते बोटभर खोलीचे ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी घासून भरा. तळे केलेत आणि त्यात चतुराच्या अळ्या, बेडूकमासे आले, तर त्यात डासांच्या अळ्या फारशा टिकत नाहीत. गप्पी मासे मात्र आणू नका. ते बेडकांची अंडी आणि पिल्लेही खातात, आणि पावसाळ्यात नाल्यात उतरले की तिथल्या माशांच्या मुळावर येतात.

आणखी एक गोष्ट वन्यजीवप्रेमी विसरतात. माकडांना खायला घालू नका. सत्तरीत 2015 पासून माकडतापाने माणसे दगावली आहेत. तो गोचिडीतून येतो, आणि माकड मेलेले दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे लागते. डिचोली सत्तरीला लागूनच आहे.

रात्रपाळी, म्हापसा (21 मे)

दिवे आणि काचा यांचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. तुमच्याकडे मेच्या शेवटी काजवे दिसत असतील, तर मागच्या बाजूला रात्रभर जळणारा पांढरा दिवा लावू नका. काजवे एकमेकांना प्रकाशाने शोधतात आणि दिव्याच्या उजेडात ती खूण दिसत नाही. माणूस आल्यावर लागणारा, खाली तोंड केलेला, पिवळसर दिवा पुरतो आणि आईंनाही अंधारात जावे लागत नाही. काजव्याची अळी ओल्या पाचोळ्यात राहून गोगलगाई खाते, हे भाजी लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मोठ्या काचेच्या खिडकीत समोरची झाडी उमटत असेल तर पाचू कवडा सरळ येऊन तिच्यावर आदळतो. आमच्याकडे एका पावसाळ्यात दोन मेले. पडदा आतून लावून उपयोग होत नाही. खूण बाहेरून हवी. आम्ही बाहेरच्या बाजूला चार बोटांवर एक अशा सुतळ्या सोडल्या, तेव्हापासून एकही आदळलेला नाही.

नवे घर, डिचोली (23 मे)

सर्वांचे मनापासून आभार. कंत्राटदाराला गालिचा, पाम आणि तीन बाजूंची भिंत रद्द करायला सांगितले आहे. तो नाराज आहे. परिचारिकाताईंचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला आणि दहा फुटांच्या अंगणावर आमचा समेट झाला. दोन शंका उरल्या आहेत: वीज पडलेल्या माडाचे काय करावे, आणि चिऱ्यांची टाकी पाडावी का? टाकीमुळे मागचा अर्धा भाग अडला आहे.

कुळागरवाला, सत्तरी (23 मे)

माड कलला तर घरावर किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत पडेल का, ते आधी दोरीने मोजून पाहा. पडणार असेल तर वरचा भाग उतरवून पंधरा फुटांचा बुंधा उभा ठेवा. मेलेल्या माडात सुतार पक्षी भोक पाडतो, आणि तो सोडून गेल्यावर त्याच ढोलीत मैना, पोपट किंवा दयाळ घर करतो. उभा मेलेला माड हे आमच्या कुळागरातले (सुपारी-नारळाच्या बागेतले) सर्वांत गजबजलेले झाड आहे. टाकीबद्दल घाई नको, पाऊस पडू द्या. चुन्याचे पाणी एकदा उपसून टाका आणि आत एका कोपऱ्यात चिऱ्यांच्या पायऱ्या रचा, म्हणजे आत पडलेला प्राणी वर येऊ शकेल. लहान मुले येत असतील तर वर जाळी हवी.

नवे घर, डिचोली (12 जुलै)

कळवायचे राहिले होते. पसरलेल्या मातीतून दिंडा आणि कुडा फुटले, करवंदाला चार ठिकाणी कोंब आले आणि रानमोडी वर लिहिल्याप्रमाणे सर्वांच्या पुढे होती; आतापर्यंत सात टोपल्या उपटल्या. उंबराखाली सकाळी चानी आणि कुटुर्गा यांची भांडणे चालतात. कढीपत्त्यावर अजून काही नाही.

टाकी पाडायला गेल्या सोमवारी माणूस बोलावला होता. तो येण्याआधी आई मागे गेली आणि तिने मला हाक मारली. टाकीच्या आतल्या भिंतीला, पाण्यापासून वीतभर वर, साबणाच्या फेसासारखा पिवळट पांढरा गोळा चिकटलेला होता. कुणीतरी कपडे धुऊन फेस टाकला असे तिला वाटले. जवळून पाहिले तेव्हा त्याच्या शेजारी, चिऱ्याच्या रंगाचा, पाय पोटाशी घेऊन बसलेला झाडबेडूक दिसला. फेसाच्या खालच्या बाजूने एकेक बारीक काळी पिल्ले पाण्यात पडायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस आई सकाळचा चहा घेऊन तिथे उभी राहत होती. अंगणाच्या पट्ट्याबाबत मात्र तिने नियम वाढवून बारा फुटांचा केला आहे. टाकीच्या जाळीसाठी किती बारीक छिद्रांची जाळी घ्यावी, म्हणजे नातवंडे सुरक्षित राहतील आणि बेडकाला आत-बाहेर करता येईल?

कुळागरवाला, सत्तरी (12 जुलै)

कोंबड्यांच्या खुराड्याची दोन इंची जाळी लोखंडी चौकटीवर ताणून बसवा. चौकट चिऱ्यांवर दोन बोटे उचललेली असू द्या, म्हणजे बेडकाला कडेने वाट राहील. मूल उभे राहिले तरी वाकणार नाही अशा कांबी खाली घाला.